नसलेल्या यादीतला लेखक

जी यादी अस्तित्वातच नाही, तिच्यातून नाव कमी करता येत नाही, हे कोणत्याही सुव्यवस्थित कारभाराचे पहिले तत्त्व होय. अस्तित्वात असलेल्या यादीचे फार तोटे असतात. ती कोणाला तरी टाइप करावी लागते, तिच्यावर कोणाला तरी सही करावी लागते, आणि उद्या एखादा आडमुठा माणूस कोर्टात गेला तर ती हजर करावी लागते. नसलेल्या यादीला कागद लागत नाही, कपाट लागत नाही, वाळवीही लागत नाही. तिला फक्त एकमेकांचे फोन नंबर असलेली पाच-सहा सभ्य माणसे लागतात, आणि सभ्य माणसांची आपल्या देशात कधी टंचाई पडलेली नाही.

मुंबईच्या मालिका-व्यवसायात अशी एक यादी नाही. बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या रंभाबाईंचा मुलगा त्या यादीत आहे.

तो पटकथालेखक. त्याच्या हातून घडलेला प्रमाद असा. तो एक दैनंदिन कौटुंबिक मालिका लिहीत असे. तीत सेठजी नावाचे एक सासरे होते आणि ते अधूनमधून मरत. पहिल्यांदा ते दरीत पडून मेले आणि स्मृती गमावून परत आले. दुसऱ्यांदा ते मेलेच नव्हते, त्यांचा जुळा भाऊ मेला होता, असे निघाले. (जुळा भाऊ असल्याचे सेठजींनाही तेव्हाच कळले.) तिसऱ्यांदा मात्र त्यांना सोफ्यावर, डॉक्टरांसमक्ष, हृदयविकाराने मारण्याचे ठरले आणि इथे लेखकाने बऱ्हाणपूरचा माणूसच करील अशी चूक केली. त्याने सेठजींचे तेरावे लिहिले.

नुसता फोटोला हार घालून तो थांबला असता तर आज वर्सोव्याला त्याचे स्वतःचे घर असते. पण त्याने अख्खा भाग तेराव्याला वाहिला. उत्तरकार्याच्या पत्रिका वाटल्या, मांडव टाकला, व्याही टोपी-टॉवेल घेऊन आले, पंगती बसल्या, बुंदी कमी पडते की काय अशी बायकांत कुजबुज झाली, शेवटची पंगत उठली आणि गल्लीतले लोक ढेकर देत घरी गेले. भाग चांगला झाला. नंतर प्रेक्षकांचे आकडे घसरले आणि सेठजींना परत आणावे असा वरून निरोप आला.

"आता ते येणार नाहीत," लेखक बैठकीत म्हणाला.

कारण विचारल्यावर त्याने शांतपणे सांगितले की लोक तेराव्याचे जेवून गेले आहेत. बैठकीत हशा पिकला. याला मानधन वाढवून हवे आहे असा सर्वांचा समज झाला, कारण त्या इमारतीत तत्त्वासाठी अडून बसलेला माणूस पूर्वी कोणी पाहिलेला नव्हता. लेखकाने आपला मुद्दा सविस्तर मांडला. दरी हा मरणाचा पुरावा नव्हे, आग हा नव्हे, डॉक्टर तर मुळीच नव्हे. माणूस मेला की नाही हे शेवटची पंगत उठल्यावर ठरते. तोवर आशेला जागा असते. त्यानंतर तो परत आला तर जेवलेल्यांनी जेवण परत करायचे कसे, याची कोणतीही पद्धत आपल्या समाजात घालून दिलेली नाही. बैठक तिथेच संपली आणि सेठजी त्याच आठवड्यात नेपाळहून परत आले, ते दुसऱ्या लेखकाच्या हातून.

आपण यादीत गेलो हे लेखकाला कसे कळते, याविषयी लेखी साहित्य उपलब्ध नाही; परंतु लक्षणे ठरलेली आहेत. आधी लोक फोन उचलून मीटिंगमध्ये असल्याचे सांगतात. मग फोन न उचलता तसे लिहून पाठवतात. आणि मग एक दिवस, ज्याला आपण संवाद लिहायला शिकवले असा एखादा नवा निर्माता आपल्या पाया पडतो, "सर, तुमचं काम बघूनच या लाइनीत आलो" असे भरल्या डोळ्यांनी सांगतो, आणि आपल्याला लिफ्टपर्यंत पोचवायला येतो. लिफ्टपर्यंत पोचवायला आला की निदान पक्के समजावे. (दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्यात अर्थ नसतो.) आपल्या लेखकाला असा एक निर्माता लिफ्टपर्यंत पोचवून गेला, आणि लेखक बॅग घेऊन बऱ्हाणपूरला उतरला.

रंभाबाईंना यादीविषयी काही ठाऊक नव्हते. त्यांना एकच गोष्ट हवी होती: आपल्या मुलाचे नाव टीव्हीवर वाचायचे होते. त्या मराठी चौथी शिकलेल्या. मालिकेतली नावे इंग्रजीत येत, तीही जाहिरातीच्या शेजारी बारीक चौकटीत, माशी उडून जावी तशी. रंभाबाई रोज संध्याकाळी पदर सावरून टीव्हीसमोर बसत आणि चौकट आली की हात जोडत. कित्येक वर्षे त्या एका टूथपेस्टच्या नावाला आपला मुलगा समजून दृष्ट काढत होत्या, हे नंतर उघडकीस आले. तेव्हा लेखक म्हणाला होता, "माय, एक दिवस आपल्या अक्षरात येईल. ठळक येईल." माणूस आईला काहीही बोलून जातो. पण रंभाबाई ते धरून बसल्या होत्या, आणि ते न होता आपण किंवा माय मरून जाऊ, या विचाराने लेखकाची झोप उडाली होती.

गल्लीत त्याने सांगितले की हल्ली काम घरूनच चालते. गल्लीने विश्वास ठेवला, कारण गल्लीतले निम्मे तरुण बिनकामाचे घरूनच काम करत होते.

तर अशा स्थितीत एका सकाळी लोधीपुऱ्यातून चुडामण मास्तर आले. मास्तर गणिताचे निवृत्त शिक्षक, सडपातळ, ठणठणीत. पण सरकारी संगणकात ते मागच्या दिवाळीत वारले होते आणि त्यामुळे त्यांची पेन्शन बंद झाली होती.

"भाऊ, मी जिंदा आहे हे साबित कराचं आहे," मास्तर ओट्यावर टेकत म्हणाले. "तीन महिन्यांपासून चकरा मारू राहिलो. ते म्हणतात, मेलेल्या माणसाचा अर्ज चालत नाही, वारसाला पाठवा."

"मग मालूबाईंना पाठवा की."

"ती सही कराले तयार नाही ना! म्हणते, नवरा ओट्यावर बसून चाय पिऊ राहिला अन् मी विधवा म्हणून सही करू? तिनं तो फॉर्म मैनाला खाऊ घातला." (मैना ही मालूबाईंची बकरी.)

लेखकाने एकच प्रश्न विचारला.

"मास्तर, तेरावं झालं का तुमचं?"

"कोणाचं? माझं? नाही ब्वा."

"मग तुम्ही परत येऊ शकता," लेखक म्हणाला.

इथे मंगळवारच्या सुनवाईची माहिती देणे आवश्यक आहे. दर मंगळवारी मोठ्या साहेबांच्या कार्यालयात जनतेची गाऱ्हाणी ऐकली जातात. जनतेने बोलायचे आणि साहेबांनी ऐकायचे, अशी तिची निर्दोष रचना आहे. ऐकल्यावर काय करायचे याचा तीत उल्लेख नसल्याने त्याबाबत कोणाला दोष देता येत नाही. एका अर्जदाराच्या वाट्याला साधारण दोन मिनिटे येतात. लोक ती दोन मिनिटे वस्तुस्थिती सांगण्यात वाया घालवत. कोणती जमीन, कोणता खांब, कोणती तारीख. आता वस्तुस्थितीचे एक आहे, की ती रोजच असते. साहेब मान हलवत आणि वामनबाबू नावाचे आवक-लिपिक अर्ज ट्रेमध्ये ठेवत. ट्रे मोठा होता.

चुडामण मास्तरांनी त्या मंगळवारी वस्तुस्थिती सांगितली नाही. लेखकाने बसवल्याप्रमाणे ते धुतलेले धोतर नेसून, कपाळाला गंध लावून आत गेले, साहेबांच्या टेबलावर हळद-कुंकू न लावलेली एक पत्रिका ठेवली आणि हात जोडले.

"साहेब, रविवारी माझं तेरावं आहे. संगणकात मेलो, पण जेवण राहून गेलं. आत्मा भटकू राहिला, दर मंगळवारी इथंच येतो. आपण दोन घास खाऊन जावं, म्हणजे मी सुटतो अन् आपणही सुटता."

मग ठरल्याप्रमाणे ते गप्प राहिले. लेखकाने त्यांना मनात सातचा पाढा म्हणायला सांगितला होता. दालनात इतकी शांतता पूर्वी फक्त वीज गेल्यावर होत असे. स्थानिक बातमीदारांनी मोबाइल वर केले, साहेबांनी पत्रिका हातात घेऊन मृताचे आणि निमंत्रकाचे नाव एकच असल्याची खात्री केली, आणि त्याच संध्याकाळी संगणकाने मास्तरांना जिवंत केले.

पण पत्रिका छापल्या गेल्या होत्या आणि बऱ्हाणपूर जेवणाचे निमंत्रण नाकारत नाही. रविवारी लोधीपुरा लोटला. पाहुणे टोपी-टॉवेल घेऊन आले आणि ते कोणाला द्यावेत हे न कळून खुद्द मास्तरांनाच देऊन गेले. मास्तर पंगतीत "सावकाश होऊ द्या" म्हणत फिरत होते. मालूबाई आतून ओरडत होत्या की आता हा माणूस खरोखर गेला तर मी पुन्हा कोणाला जेवू घालणार नाही. लेखक कोपऱ्यात पत्रावळीसमोर बसून अस्वस्थ झाला होता. माणूस आधी परत आला आणि तेरावे नंतर झाले, हा क्रम आपल्या तत्त्वात बसतो की नाही, याचा निर्णय त्याला मठ्ठा येईपर्यंत करता आला नाही.

पुढच्या मंगळवारपासून त्याच्या ओट्यावर रांग लागली.

चांदनी गावच्या भागाबाईंच्या वस्तीतला हातपंप वर्षभर कोरडा होता. लेखकाने त्यांना रिकामी कळशी घेऊन पाठवले. भागाबाईंनी "साहेब, उन्हाचे दमले असाल, पाणी घ्या" म्हणून साहेबांच्या ग्लासात ती कळशी ओतली, आणि ग्लास भरेपर्यंत म्हणून ओतत राहिल्या. पंप शुक्रवारी दुरुस्त झाला. त्या उन्हाळ्यात बऱ्हाणपूरच्या तक्रारींनी कलात्मकतेची जी उंची गाठली ती राज्यात अन्यत्र कोठे गाठली गेली असेल असे वाटत नाही. एका अनधिकृत पाहणीनुसार (पाहणी समोरच्या झेरॉक्सवाल्याने आपल्या स्टुलावरून केली) दर दहा अर्जदारांपैकी चार साहेबांसमोर रडत, तिघे रडता रडता थांबत, आणि दोघे पाठ फिरवून दारापर्यंत जात व तिथून वळून पाहत. उरलेला एक अर्जदार नुसतीच अडचण सांगून जाई. त्याचे काम अजून झालेले नाही.

मोबदला म्हणून लोक केळीचे घड आणि मावा जिलबी आणून देत. रंभाबाईंचे घर वखारीसारखे दिसू लागले. "लोक इतकं काहून देऊ राहिले रे?" त्या विचारत. "लिहून देतो मी त्यांना," लेखक म्हणे. "मग त्याच्यावर तुझं नाव येते का?" अर्जावर अर्जदाराचेच नाव येते, हे त्याने त्यांना समजावले. रंभाबाईंनी केळी सोलायला घेतली.

भांडे फुटले ते वामनबाबूंमुळे. वामनबाबूंनी आयुष्यभर जनतेचे रडणे ऐकले होते आणि ते नेहमी बेसूर असते हे त्यांना पक्के माहीत होते. आता मात्र सगळे अर्जदार बरोबर एकाच जागी थांबत होते. एका मंगळवारी तर त्यांचे स्वतःचेच डोळे भरून आले आणि ट्रे सापडेना. त्यांनी ही गोष्ट वरिष्ठांच्या कानावर घातली. त्यावर कोणताही आदेश निघाला नाही. फक्त तोंडी असे ठरले की, एका अर्जात एकाहून अधिक भावना आढळल्यास अर्ज परत करावा. आणि सिंधीपुऱ्यातल्या त्या अमुक इसमाने लिहून दिलेला अर्ज असेल, तर भावना मोजत बसू नये.

अशा रीतीने आपला लेखक एका हयातीत दोन नसलेल्या याद्यांत गेला. हा मान सहसा कोणाच्या वाट्याला येत नाही.

तो स्वतः मंगळवारी सुनवाईला गेला. दुसऱ्यांसाठी लिहिणाऱ्याला स्वतःसाठी लिहिता येत नाही, तसे झाले. त्याने सरळ सांगितले की माझे नाव यादीतून काढा.

"कौन सी सूची?" साहेबांनी आश्चर्याने विचारले. "ऐसी कोई सूची है ही नहीं. जो है ही नहीं, उसमें से आपका नाम निकालूँ कैसे?"

साहेब खरे बोलत होते, हीच तर अडचण होती. वामनबाबूंनी अर्जावर 'संतुष्टीपूर्वक बंद' असा शिक्का मारला आणि ते त्याला जिन्यापर्यंत पोचवायला आले. कार्यालयात लिफ्ट नव्हती.

आता समोरचा झेरॉक्सवाला. त्याचे नाव निरंजन. मनाने साफ, बोलायला गोड, आणि कोणाचेही आधारकार्ड सरळ ठेवून कॉपी काढणारा. तो म्हणाला, "भाऊ, टेन्शन काहून घेता? तुम्ही लिहा, खाली माझं नाव टाकू. मले तर कोणी ब्लॅकलिस्ट करणार नाही, माझ्याकडूनच तर सगळे झेरॉक्स काढतात." कार्यालयाचाच झेरॉक्सवाला असल्याने त्याच्या अर्जांना कोणी हात लावला नाही. वामनबाबूंनी तर एकदा जाहीर सांगितले की निरंजनच्या अर्जात जो सच्चेपणा आहे तो त्या सिनेमावाल्याला कधी साधला नाही.

निरंजनचे नाव झाले. गणेशोत्सवात एका मंडळाने 'लोकलेखक' म्हणून त्याला शाल-श्रीफळ दिले. सत्काराला उत्तर देताना लिहिताना फार त्रास होतो असे तो म्हणाला, आणि दोन-तीन सत्कारांनंतर त्याला तो खरोखर होऊ लागला. त्याने शून्य नंबरचा चष्मा घेतला. लेखक श्रोत्यांत बसून टाळ्या वाजवत असे. त्याला राग येत नव्हता असे म्हणणे खोटे ठरेल. घरी आल्यावर तो जेवत नसे आणि रंभाबाईंना पोट बिघडल्याचे सांगे.

मग चुडामण मास्तरांची हकीकत मुंबईला पोचली आणि तिच्यावर वेबमालिका करायला एक निर्माता बऱ्हाणपुरात आला. हा तोच, जो लिफ्टपर्यंत पोचवायला आला होता. तो निरंजनच्या दुकानात स्टुलावर बसला, नमुन्यादाखल लिहिलेली पाने वाचून गहिवरला आणि म्हणाला की असे अस्सल फक्त छोट्या शहरातला माणूस लिहू शकतो. मुंबईच्या लेखकांना मरणच लिहिता येत नाही.

"आठ एपिसोड आहेत, भाऊ," निरंजन धावत येऊन म्हणाला. "नाव माझं जाईल. मी तुमचं नाव काढून पाहिलं, आईची कसम. ते म्हणे, लिस्ट-बिस्ट काही नाही, पण ते नाव घेऊच नका."

लेखकाने आठही भाग लिहिले. त्यातल्या नायकाला सगळे 'मास्टरजी' म्हणतात. ते कागदावर मेलेले असतात, सात भाग झगडतात, आठव्यात संगणकात जिवंत होतात, आणि त्याच संध्याकाळी आनंदाने खरोखर मरतात. त्यानंतर मांडव, पंगती, बुंदी. मास्टरजींचे खरे नाव काय, हे पूर्ण मालिकेत कोणी उच्चारत नाही. ते फक्त शेवटी, उत्तरकार्याच्या पत्रिकेवर दिसते. तिथे लेखकाने स्वतःचे नाव लिहिले, वडिलांच्या नावासह आणि आडनावासकट, आणि खाली सूचना लिहिली: 'कॅमेरा पत्रिकेवर. अक्षरे देवनागरी, ठळक. म्हाताऱ्या बाईला चष्मा शोधून, लावून, वाचता येईल इतका वेळ थांबणे.'

निर्मात्याने ते नाव वाचले. ते त्याने ओळखले, पण नसलेली यादी लेखकांची आणि हे नाव पात्राचे, म्हणून त्याने मनावर घेतले नाही.

मालिका आली तेव्हा निरंजनने आपला मोठा टीव्ही रंभाबाईंच्या बैठकीत आणून लावला. अर्धी गल्ली जमली. दर भागाच्या शेवटी नावे येत, आणि 'पुढचा भाग' असे बटण त्यांच्यावर येऊन बसे. पहिल्या भागाला निरंजनचे नाव बघायला मुले थांबली, दुसऱ्यापासून ज्याच्या हाती रिमोट तो बटण दाबू लागला. आठव्या भागात मास्टरजी गेले, बायका रडल्या, आणि पडदाभर पत्रिका आली.

रंभाबाईंनी चष्मा शोधला. तो त्यांच्या कपाळावर होता. त्यांनी तो खाली ओढला, उठून टीव्हीच्या पुढ्यात गेल्या, आणि अक्षरावर बोट ठेवत, शाळेत वाचतात तसे मोठ्याने सगळे नाव वाचले. कॅमेरा थांबून राहिला होता. लेखक दाराच्या चौकटीला धरून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते.

"आलं रे! ठळक आलं," त्या म्हणाल्या. मग थोडे मागे येऊन त्यांनी पुन्हा पाहिले. "पण नावाआधी 'स्व.' काहून लावलं?"

उत्तराची वाट न पाहता रंभाबाई आत गेल्या, मीठ-मिरच्या घेऊन आल्या आणि मुलावरून ओवाळल्या. मरणाची खोटी बातमी आली की आयुष्य वाढते, हे गल्लीतल्या सर्वांनाच माहीत असल्याने वातावरण निवळले. मग जिलबी वाटली गेली.

मालिका गाजली, आणि जे गाजते त्याचा दुसरा हंगाम येतो. महिनाभरात निरंजन तोंड पाडून ओट्यावर आला. प्रेक्षकांना मास्टरजी परत हवे होते.

"अन् भाऊ, विचार करा," तो कळवळून म्हणाला, "ह्या टायमाला नाव रोज येईल. घरावर पाटी, ऑफिसात पाटी, शिपाई पुकारा करील. मायले रोज दिसेल. 'स्व.' काढून टाकू."

या एका गोष्टीला नाही म्हटल्यामुळे लेखक मुंबईतून उठला होता. आता हो म्हटले तर त्याचे नाव घरोघर झळकणार होते, आणि ज्या तत्त्वासाठी ते पुसले गेले ते तत्त्व मात्र जाणार होते. उंबऱ्यात वाती वळत बसलेल्या रंभाबाईंनी सगळे ऐकले होते. तो त्यांच्याकडे पाहत राहिला. त्या हो म्हणतील तर आपण लिहू, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते.

"लोक तेरावं जेवून गेले ना त्याचं?" रंभाबाईंनी विचारले.

"गेले," लेखक म्हणाला.

"मग कसा येईल तो?" त्यांनी वात दुमडली. "मी पाहिलं एकदा. झालं माझं."

निरंजनने दुसरा हंगाम स्वतः लिहिला. मास्टरजी परत आले. ते ओंकारेश्वरला होते. दारावरच्या पाटीसाठी अंकशास्त्र्याने दुसरे नाव सुचवले आणि ते लावण्यात आले. प्रेक्षकांच्या हजारो प्रतिक्रिया आल्या. बहुतेक मास्टरजींच्या मिशीविषयी होत्या, कारण ती आधीपेक्षा बारीक होती. पाटीवरचे नाव पत्रिकेवरच्या नावाहून वेगळे का, असे विचारणारी तक्रार एकच आली. ती सिंधीपुऱ्यातून मराठीत पोस्टकार्डावर आली होती. तीही संतुष्टीपूर्वक बंद झाली असावी.

एवढे वाचून वाचकांना यादी चालवणाऱ्या सभ्य माणसांचा राग आला असेल. येणे स्वाभाविक आहे. तरी एक बाब नोंदवून ठेवतो. या हकीकतीत चुडामण मास्तरांचे नाव आले, मालूबाईंचे, भागाबाईंचे, वामनबाबूंचे, निरंजनचे आले, बकरीचेदेखील आले. ज्याची ही हकीकत, त्याचे नाव पहिल्या ओळीपासून इथवर कोठेही आलेले नाही. पत्रिकेवर ते पडदाभर होते, रंभाबाईंनी ते मोठ्याने वाचलेसुद्धा. आपण तेव्हाही विचारले नाही, आणि पुढे वाचू लागलात.